गाडी थरथरते? खिशात हात घालण्याआधी या चुका टाळा

गाडी थरथरायला लागली की आमच्याकडचा माणूस आधी अलाइनमेंट करून आणतो. भाऊ, अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगपायी, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसल्यानं. दोन्ही कामं एकाच दुकानात होत असली तरी ती एक नाहीत.

पण बॅलन्सिंगच्याही आधी रिमच्या आत पाहा. पावसाळ्यात कारंज्याकडचा एक पोरगा आला होता. समृद्धीवर चढला की ९० ला स्टिअरिंग हातात नाचायचं. अलाइनमेंट झाली होती, पुढचे दोन्ही टायर नवे होते, वर नायट्रोजनही भरला होता. चाक काढून उलटं केलं, तर आत काळ्या मातीचा थर, वाळून विटेसारखा कडक. टायरवाल्यानं मातीसकटच बॅलन्सिंग केलेलं. रस्त्यात एक ढेकूळ गळालं आणि सगळा हिशेब चुकला. बॅलन्सिंगला पाच-दहा ग्रॅमचा फरक मोजतात, इथं पावभर माती! खरवडलं, धुतलं, पुन्हा बॅलन्सिंग केलं, थरथर गेली. वेग दुप्पट झाला की हा झटका चौपट होतो. वावराच्या रस्त्यानं ४० नं फिरताना म्हणूनच काही जाणवत नाही. मी तर चिखलातून आलेली गाडी आतून धुतल्याशिवाय मशीनवर चढवतच नाही. घाई असेल त्यानं दुसरं दुकान पाहावं.

दुसरी चूक म्हणजे थरथर कधी होते हेच न पाहणं. मोकळ्या रस्त्यावर ९० ला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. थरथर तशीच राहिली तर चाकं बघा. लगेच थांबली तर एक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट, इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी टेकू) नाहीतर मिसफायर, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न पेटणं. पऱ्हाटी काढलेल्या वावरात गाडी घालणाऱ्यांनी खाली वाकून एक्सलचे रबरी बूट पाहावेत. खुंटानं बूट फाटला की ग्रीस उडतं, माती आत जाते आणि जॉइंट खातो. नुसता बूट वेळेत बदलला तर स्वस्तात भागतं. पण तेवढं वाकतो कोण?

स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढची चाकं, सीट हलली तर मागची.

ब्रेक दाबल्यावरच हादरे येत असतील तर डिस्क तपासा.

टायरला फुगवटा दिसला तर त्याचं बॅलन्सिंग करत बसू नका, टायर फेका.

चाकाचे नट गोलात ओळीनं नाही, समोरासमोरचे आवळतात. पंक्चर काढून आल्यावर ते पुन्हा तपासा.

आणि चढावर गाडी धक्के खात असेल, इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर प्लग आणि कॉइल बघा. तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. मग त्याचं बिल पाहून माझ्यावर चिडायचं नाही.