फॉर्मॅलिनमधल्या तिसऱ्यांचे शिंपले खडूसारखे होत असतील तर

गोव्यातल्या झुआरी नदीतल्या तिसऱ्या नमुना म्हणून फॉर्मॅलिनमध्ये (फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, नमुने टिकवायला वापरतात) ठेवल्या होत्या. त्यांचे शिंपले बरणीत निस्तेज झाले, नखाने खरवडलं की भुकटी. फॉर्मॅलिन बदललं, झाकणाला व्हॅसलीन लावलं, फरक शून्य. डोकंच फिरलं.

दोष आम्लतेचा. फॉर्मॅलिनमध्ये हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होतं, ते शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट खातं.

आता 1 भाग बाजारी फॉर्मॅलिन, 9 भाग गाळलेलं समुद्राचं पाणी, लिटरला 2 ग्रॅम बोरॅक्स (टाकणखार, आम्लता मारायला). पीएच (आम्लतेचं माप, कमी म्हणजे जास्त आम्ल) पट्टीवर 8 च्या आसपास यायला हवं, कमी दिसलं तर चिमूटभर बोरॅक्स आणखी. शिंपल्याच्या फटीत काडी अडकवा, नाहीतर द्रव आत पोचत नाही आणि मांस कुजतं. 24 तासांनी पाण्यात धुऊन 30, 50, 70 टक्के अल्कोहोलमध्ये एकेक दिवस. 70 मध्ये कायम. (95 टक्क्यांचं 70 मिली घेऊन पाण्याने 95 मिली करा.) हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. खडू झालेला शिंपला मात्र सुधारत नाही.