नवरंगाचा फोटो, तीनशे पत्रकं आणि एक रबरी शिक्का

आमच्या ग्रुपात पत्रकं बनवायचं काम माझ्याकडे आलं कारण माझ्या लॅपटॉपवर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर होतं, बाकी डिझाइनचं काही शिकलेलो नाही. तुमच्या मंडळात किंवा सोसायटीत "तू जरा फ्लायर करून दे ना" म्हणून कुणी हे गळ्यात मारलं असेल तर माझी फजिती वाचून ठेवा.

पावसाच्या तोंडावर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जायचं होतं. गूगलवर "नवरंग" या पक्ष्याचं नाव टाकलं, पहिल्याच ओळीत भारी फोटो, केला सेव्ह. कोपऱ्यात बारीक अक्षरात कुणाचंतरी नाव होतं, ते नेमकं आमच्या हेडिंगच्या मध्ये येत होतं म्हणून कापून टाकलं. तीनशे प्रती छापल्या, व्हॉट्सॅपवर सोडलं, आणि चौथ्या दिवशी फोटो काढणाऱ्याचा फोन.

गृहस्थ ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "वापरलात ते वापरलात हो, पण नाव का कापलंत? तीन दिवस पहाटे जाऊन बसलो होतो त्या झुडपापाशी." मी आपलं "कार्यक्रम फुकट आहे, आम्ही पैसे घेत नाही" सुरू केलं तर म्हणाले, "प्रेसवाल्याला दिलेच ना?" यावर काय बोलणार.

शेवटी त्यांनीच सुचवलं की उरलेल्या प्रतींवर नाव टाका, विषय संपला. मग रबरी शिक्का करून आणला आणि मी आणि बायको रात्री साडेअकरापर्यंत ठप्पे मारत बसलो, शाई वाळायला पत्रकं पार बेडवर पसरलेली.

त्यानंतर जरा वाचलं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात फोटो काढला की हक्क आपोआप येतो, नोंदणी लागत नाही, त्यामुळे "त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं" हे चालत नाही. आणि नाव कापणं तर अजून वाईट, २०१२ च्या दुरुस्तीपासून हक्काची अशी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढणं हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. हे कळल्यावर त्या माणसाचा आवाज परत आठवला!

जुन्या चित्रांचं वेगळं. चित्रकार गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे राजा रविवर्मा १९०६ ला गेले, त्यांची चित्रं कधीच मोकळी झाली. फोटोची साठ वर्षं आधी तो प्रसिद्ध झाल्यापासून धरायचे, २०१२ च्या दुरुस्तीपासून मात्र तीही फोटो काढणारा गेल्यावर धरतात. पण रविवर्म्याच्या लक्ष्मीवर आज कुणी नवीन सजावट करून बॅनर केला असेल तर तो उचलू नका, सजावट त्याची आहे.

आता मी काय करतो, तर आधी विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे मोफत वापरता येणाऱ्या फोटोंचा ऑनलाइन साठा. तिथे प्रत्येक फोटोखाली लायसन्स लिहिलेलं असतं, ते न वाचता डाउनलोड करायचं नाही. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स) म्हणजे नाव द्या आणि वापरा, दुसऱ्या साइटवर एनसी असेल तर धंद्यासाठी नाही, एनडी असेल तर बदल करून वाटायचं नाही, म्हणजे आम्ही पक्ष्याच्या पोटावर तारीख-वेळ टाकतो तसलं काही करायचं नाही. गूगलवरच शोधायचं असेल तर टूल्समध्ये युसेज राइट्स आहे, ते लावून घ्या, तरी मूळ पान उघडून बघाच कारण चोरलेल्या फोटोवर कुणीही काहीही लायसन्स लिहू शकतं. पानाचा स्क्रीनशॉट काढून फाइलसोबत ठेवतो. आणि "ग्रुपवर आला होता" हा सोर्स नाही, हे आमच्या काकांना अजून पटलेलं नाही.

खरं तर सगळ्यात सोपं म्हणजे विचारणं. "नमस्कार, तुमचा अमुक फोटो आमच्या मोफत कार्यक्रमाच्या पत्रकावर वापरू का? तीनशे प्रती छापणार, व्हॉट्सॅपवरही जाईल, खाली तुमचं नाव टाकू" एवढा मेसेज करतो, छापायच्या आधी, उत्तर आलं नाही तर तो होकार नाही. बहुतेकजण हो म्हणतात. मागच्या वेळी एकाने स्वच्छ नाही म्हटलं, मग खालच्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने स्केचपेनने खंड्या काढून दिला, चोच जरा मोठी झालीय पण तिच्या आईला आणि तिला विचारून, तिचं नाव टाकून तोच छापला.