जळगावला कवितेच्या वाटेनं जाण्याआधी

गाडीचं तिकीट काढण्याआधी करायचं काम घरातच आहे. ‘बहिणाबाईंची गाणी’ कपाटातून काढा आणि मोठ्यानं वाचा. रोज एक-दोन कविता, पंधरा दिवस, पण आवाज काढून. या बाईंनी आयुष्यात पाटी हातात धरली नव्हती. जात्यावर, शेतात, घरकाम करताना ओव्या सुचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातल्या हाती लागल्या तेवढ्या उतरवून घेतल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या आणि पुस्तक आलं 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे आपल्या हातातलं पुस्तक हे मुळात कानानं ऐकलेलं आहे. नुसतं डोळ्यांनी वाचून गेलात, तर जळगावात पोचल्यावरही अर्धं हुकेल.

वाचताना शब्द अडतील, त्यांची एक छोटी यादी वहीच्या मागच्या पानावर करत चला. घरोट म्हणजे जातं, हा पहिलाच शब्द. एक खूण लक्षात ठेवली की पुष्कळ कुलपं उघडतात: या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. तसंच ‘ओढाळ’चं ‘वढाय’. दावं तोडून दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणारं ढोर म्हणजे ओढाळ ढोर. ‘मन वढाय वढाय’ आपण शाळेत पाठ केलं, परीक्षेत ‘मन चंचल असते’ असं उत्तर लिहिलं आणि चार गुण मिळवले. पण हाकलून हाकलून परत पिकावर येणारं ते जनावर डोळ्यांसमोर आलं नसेल, तर कविता कळलीच नाही असं मला वाटतं. आणि कृपा करून तिथे जाऊन ‘बहिणाबाईंची अहिराणी किती गोड’ असं म्हणू नका. ही लेवा पाटीदार समाजाची बोली, लेवा गणबोली. अहिराणी वेगळी, ती पुढे अमळनेरकडे कानावर येईल. त्या भागातल्या माणसांना हा फरक फार जवळचा आहे.

कधी जायचं, याचं उत्तर मी स्वतः चुकून शिकले. पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात, सुट्टी होती म्हणून. पारा पंचेचाळीसच्या आसपास, रानं नांगरून पडलेली, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. कवितेतलं एकही पान, फूल, पाखरू दिसलं नाही. त्यानंतर डिसेंबरात गेले आणि वाटलं, हे गाव मी पाहिलंच नव्हतं. तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी धरा. कापूस वेचायचा असतो, ज्वारी उभी असते, सकाळी अंगावर शाल लागते. सुगरणीचे खोपे त्या दिवसांत विणले जात नाहीत, ते काम पावसाळ्यातलं, पण विहिरीवर झुकलेल्या बाभळीला ते लटकलेले असतात. एक खाली पडलेला सापडला तर हातात घेऊन नीट बघा. पात्यांच्या चिंधोट्या एकमेकींत इतक्या आवळून घातलेल्या असतात की बोटानं सुटत नाहीत, आणि आत हात घातला तर भिंतीला मातीचे सुके गोळे लागतात. ‘खोप्यामधी खोपा’ लिहिणारीनं हे किती जवळून पाहिलं असेल, ते तेव्हा कळतं. झाडावरचा मात्र काढू नका. बियाणं मातीत निजलेलं पाहायची ओढ असेल, तर जूनमध्ये पहिल्या पावसानंतर जा, चिखलाची तयारी ठेवून.

आता मार्ग. ही सगळी वाट रेल्वेची आहे आणि ती रेल्वेनंच करावी असा माझा आग्रह आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं निघालात की पहाटे जळगाव जंक्शन. तिथून असोदे अगदी जवळ, एसटी किंवा रिक्षानं जाता येतं. बहिणाबाईंचं हे माहेर, 1880 मध्ये नागपंचमीला त्या इथे जन्मल्या. लग्न होऊन आल्या त्या जळगावच्या चौधरी वाड्यात, तो जुन्या जळगावात. दुसरी लाइन जळगावहून सुरतेकडे जाते, तिच्यावर बालकवींचं धरणगाव आणि साने गुरुजींचं अमळनेर. आणि भुसावळच्या दिशेला जळगावच्या पुढे छोटंसं भादली स्टेशन. तिथे पॅसेंजर थांबतात, त्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. वेळापत्रक बदलत असतं, मागच्या वर्षीच्या कागदावर जाऊ नका.

वाड्यात जायचं तर आधी फोन करून, वेळ विचारून जा. मी एकदा न कळवता गेले आणि दाराला कुलूप पाहून परत फिरले. चूक माझीच. आत गेल्यावर आवाज हळू, चपला बाहेर, फोटोआधी विचारणं, एवढं तर आपण कुणाच्याही घरी करतो. जातं, उखळ, सुपं अशा वस्तूंसमोर घाईनं पुढे सरकू नका. नवरा गेला तेव्हा या बाईंचं वय तिशीचं, पदरात तीन मुलं, आणि त्यानंतरची सगळी वर्षं शेत आणि घर. ‘अरे संसार संसार’ हे घोषवाक्य म्हणून भिंतीवर फार रंगवलं गेलं. ते ज्या घरात सुचलं असेल, तिथे उभं राहून मनाशी म्हटलं की त्यातले हाताचे चटके खरे होतात.

धरणगावसाठी बालकवींच्या कविता सोबत हव्यात. 13 ऑगस्ट 1890 रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे इथे जन्मले. वडिलांची नोकरी पोलिसात, बदल्यांची, त्यामुळे त्यांचं बालपण खानदेशभर विखुरलेलं आहे, एकाच घरात शोधलंत तर हाती फार लागणार नाही. तयारी म्हणून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधली ठोंबऱ्यांची पानं वाचा. रुसणारा, हट्टी, लाडका मुलगा तिथे भेटतो, पाठ्यपुस्तकातल्या निसर्गकवीपेक्षा किती जिवंत! 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे सतरा वर्षांच्या या मुलानं कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. जळगावच्या रस्त्यांवर फिरताना हे आठवत राहावं.

अमळनेरला साने गुरुजी. इथे एक समज आधीच दूर करा, ‘श्यामची आई’ इथे घडत नाही. ‘श्यामची आई’मधलं पालगड कोकणात, दापोली तालुक्यात, पुस्तक लिहिलं गेलं नाशिकच्या तुरुंगात, 1933 मध्ये. अमळनेरात भेटतात ते मास्तर गुरुजी. 1924 ते 1930 ते प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते, आणि मुलांसाठी रोज हातानं लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत होते. रोज, हातानं! यासाठी ‘धडपडणारी मुले’ वाचून जा. शाळेत सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, आणि वर्ग चालू असताना परवानगीशिवाय आत शिरू नका. मी अशा प्रवासात सोबत दोन-तीन नवी गोष्टीची पुस्तकं नेते आणि शाळेच्या ग्रंथालयाला देऊन येते. गुरुजींच्या गावात हार घालण्यापेक्षा हे बरं वाटतं. आणखी एक दिवस हाताशी असेल तर धुळे गाठा: तिथल्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. तुरुंग बाहेरूनच पाहायचा, पण राजवाडे संशोधन मंडळ पाहता येतं.

पिशवीत काय? पुस्तकं तीनच, कापडात गुंडाळून, धूळ फार. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, डोक्याला उपरणं किंवा ओढणी, सुटे पैसे. फोनवर कुणाची ओवी टिपायची असेल तर आधी विचारा, आणि टिपल्यावर त्या आजींना परत ऐकवा. आपलाच आवाज ऐकून त्या दोन ओव्या जास्त सांगतात.

पोटात जागा ठेवा. हिवाळ्यात भरिताची वांगी निघतात, पांढरट हिरवी, हातभर. शेतात काड्यांच्या जाळावर भाजून, साल काढून, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचतात, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि कडकडीत तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी किंवा पुरी. हे हॉटेलात खाऊ नका असं नाही, पण कुणी शेतावर बोलावलं तर दिवसाचा सगळा बेत मोडून जा.

अजिंठा साठेक किलोमीटरवर आहे म्हणून त्याच फेरीत उरकायचा मोह होतो. तो पुढच्या खेपेला ठेवा.

शेवटची दुपार मी भादलीसाठी राखते. 5 मे 1918 रोजी याच स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना मालगाडीखाली बालकवी गेले, वय अवघं सत्तावीस. रुळांकडे उतरू नका, फलाटावरच्या बाकावर बसा. मोठ्या गाड्या न थांबता धडाडत जातात आणि मग बराच वेळ काहीच येत नाही. ‘औदुंबर’ आठच ओळींची कविता आहे, पाठ असू द्या. परतीची पॅसेंजर चुकली तर रस्त्यावर येऊन रिक्षा बघावी लागते, म्हणून बॅटरी जवळ ठेवा आणि जळगावहून रात्रीची जी गाडी पकडायची असेल तिच्याआधी तीन तास हाताशी ठेवा.