न बोलता होणारे आवाज मराठीत कसे लिहावेत

कथा, नाटकातील रंगसूचना किंवा चित्रपटाची उपशीर्षके लिहिताना पात्राचे बोलणे सहज उतरवता येते. अडते ते पात्र न बोलता जो आवाज करते तिथे. मग ‘त्याने घशातून एक आवाज काढला’ असे लिहून वेळ मारून नेली जाते, किंवा इंग्रजी चित्रकथांतले ‘हम्म’ आणि ‘स्निफ’ उचलून आणले जातात. वास्तविक या कामासाठी मराठीत शब्दांची मुळीच वानवा नाही. ते वेळेवर आठवत नाहीत, याचे कारण आपण ते आवाजावरून शोधतो. आवाजामागच्या कृतीवरून शोधत गेल्यास ते लवकर सापडतात.

आवाज आपोआप आला की मुद्दाम केला, हे आधी ठरवावे. मराठीत हा भेद पुष्कळदा क्रियापदच सांगते. ढेकर येतो तेव्हा माणसाचा इलाज नसतो. तृप्तीचा ढेकर दिला जातो तेव्हा त्यात जेवण वाढणाऱ्याला दिलेली पावतीही असते. जांभईचे तसेच आहे : व्याख्यानात ती येते, आणि वक्त्याला कळावे म्हणून दिलीही जाते. घशाच्या बाबतीत तर शब्दच बदलतात. खोकला येतो, त्याची उबळ येते, ढास लागते, घास चुकीच्या वाटेने गेला की ठसका लागतो. खाकरणे मात्र बहुधा हेतुपुरस्सर असते. जुन्या घरांतले वडीलधारे पुरुष माजघरात शिरण्यापूर्वी खाकरत, ते घसा साफ करण्यासाठी नव्हे, तर आतल्या बायकांना आपली चाहूल लागावी म्हणून. अशा प्रसंगी ‘मामंजी खोकले’ असे लिहिले, तर प्रसंगाचा अर्थच हरवतो.

यानंतर आवाज एकदाच झाला की होत राहिला, हे पाहावे. क्षणात संपणाऱ्या आवाजाला ‘-कन’ किंवा ‘-दिशी’ लागते आणि चालू राहणाऱ्या आवाजासाठी शब्द दुहेरी होतो. व्याकरणात अशा दुहेरी शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात आणि ते अभ्यस्त शब्दांत धरतात. मूल खुदकन हसते किंवा खुदुखुदु हसत राहते. पचकन थुंकणारा एकदाच थुंकतो. पचापचा थुंकणाऱ्याच्या तोंडात पानाचा तोबरा असतो. मधला स्वर लांबवला की वेग आणि जोर वाढतो, म्हणून गटगट पिण्यापेक्षा गटागटा पिणाऱ्याची तहान मोठी वाटते. हसण्यात तर स्वरावरून स्वभावही कळतो : ‘फिदीफिदी’ आणि ‘खी खी’ यांतल्या इकाराला उथळपणाचा किंवा चिडवण्याचा वास येतो, तर ‘खो खो’ हे पोटातून येणारे, मोकळे हसू असते.

मग आवाज कुठून निघतो ते स्वतः करून पाहावे. हळहळ व्यक्त करताना आपण जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून, आत ओढून सोडतो. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा भाषांत अशा ध्वनींना व्यंजनांचे स्थान आहे. मराठी वर्णमालेत त्याला अक्षर नाही. तरीही ‘चुकचुकणे’ हे क्रियापद त्याच्या फार जवळ जाते, कारण त्यातला च ‘चिमणी’तला नसून ‘चूक’मधला, म्हणजे दंततालव्य आहे आणि त्याच्या उच्चारात जीभ जवळजवळ त्याच जागी टेकते. उद्गार म्हणूनच लिहायचा असेल तर ‘च्च’ पुरेसे होते.

रडण्याचे शब्द सर्वांत जपून वापरावेत, कारण त्यांत आवाजाइतकीच लिहिणाऱ्याची सहानुभूतीही मोजली जाते. दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून रडणारी बाई मुसमुसते. रडणे आवरूनही श्वासाबरोबर बाहेर पडते तेव्हा हुंदका फुटतो. दुःखाने भान सुटते तेव्हा माणूस हंबरडा फोडतो, आणि या शब्दात वासरासाठी हंबरणारी गाय स्पष्ट ऐकू येते. भोकाड पसरते ते लहान मूल. मोठ्या माणसाने भोकाड पसरले असे लिहिले की वाचक त्याला हसतो. श्वासाच्या शब्दांतही थोडा असा फरक आहे. उसासा दुःखाकडे झुकतो, सुस्कारा दुःखाचाही असतो आणि सुटकेचाही, निःश्वास ग्रंथात शोभतो, आणि जिना चढून आलेली आजी नुसते ‘हुश्श’ करते.

काही शब्दांना दुसरा अर्थ चिकटलेला असतो. झोपलेला माणूस घोरतो. त्याला घरघर लागली असे लिहिल्यास तो मरणाच्या दारात आहे असा अर्थ होतो. कंटाळून बोटे कडाकडा मोडणारी मुलगी आणि शेजारणीच्या नावाने बोटे मोडणारी मुलगी या दोघी वेगळ्या आहेत. पहिलीच्या वाक्यात कुणाचे ‘नाव’ येऊ देऊ नये.

शब्द अजिबात सुचत नसेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती 1857ची असून ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. तोंडाने आवाज काढून पाहावा, त्याचे पहिले अक्षर ख, फ किंवा स यांपैकी कोणते वाटते ते ठरवावे आणि त्या अक्षराचे दुहेरी शब्द चाळावेत. त्यांतले काही आज मागे पडले आहेत. जो शब्द मोठ्याने वाचल्यावर घरातल्या कुणालाही कळत नाही, तो सोडून द्यावा.

आवाज हेच उत्तर असेल तेव्हा मात्र वर्णन न करता तो संवाद म्हणूनच लिहावा. ‘चहा घेणार?’ या प्रश्नावरचे ‘हं’ आणि ‘अंहं’ यांत होकार-नकाराचा फरक आहे, आणि बहिऱ्या प्रेक्षकांसाठीच्या उपशीर्षकात तिथे कंसात नुसते ‘हुंकार’ लिहिले, तर चहा ठेवायचा की नाही हे त्यांना कळणार नाही.