खिशातल्या वस्तूंची जादू फसते कुठे? या चुका टाळा

समोरचा माणूस हातभर अंतरावर बसलेला असताना नाणे, रबरबँड, रुमाल किंवा किल्ली घेऊन केलेल्या जादूत बोटांचा वेग फारसा कामाला येत नाही. चोरटी हालचाल थोड्या सरावाने बहुतेकांना जमते. घात होतो तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या क्षणांत, कारण तिथे हात असे काहीतरी करतो ज्याचे कारण प्रेक्षकाला सापडत नाही. युक्ती कळली नाही तरी त्याचे काही अडत नाही; "इथे काहीतरी झाले" एवढी शंका त्याला पुरते. म्हणून पुढची प्रत्येक चूक तपासताना एकच प्रश्न विचारावा: दिसलेल्या हालचालीला पटण्याजोगे निमित्त होते का?

फ्रेंच ड्रॉप: शिकायला सोपा, पकडायलाही सोपा

बहुतेकजण सुरुवात फ्रेंच ड्रॉपने, म्हणजे नाणे एका हातातून दुसऱ्या हातात दिल्याचा नुसता भास करण्याच्या युक्तीने, करतात. डाव्या हाताचा अंगठा आणि बोटांची टोके यांत नाणे आडवे धरायचे, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या खालून घालून उजव्या बोटांनी ते वरून झाकायचे, झाकताक्षणी डाव्या अंगठ्याची पकड सोडून नाणे डाव्याच बोटांच्या मुळाशी पडू द्यायचे, आणि उजवी मूठ नाणे घेतल्यासारखी मिटून पुढे न्यायची. शाळकरी मुलेही एका दुपारीत हे शिकतात, आणि दुसऱ्याने केलेले त्याहून लवकर पकडतात.

पकडले जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे डावा हात. नाणे त्यात उतरल्यावर तो हवेत ताठ राहतो, बोटे एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा आत वळलेला. खरोखर रिकामा झालेला हात असा कधीच दिसत नाही. तो आपोआप सैल पडतो आणि मांडीवर किंवा टेबलाच्या कडेला येऊन टेकतो. उजव्या मुठीचेही तसेच आहे. नाणे आत असलेली मूठ किंचित पोकळ असते. खोटी मूठ एकतर करकचून आवळलेली असते, नाहीतर इतकी चपटी की तिच्यात नाण्याला जागाच उरत नाही. यावर सरावाचा एकच उपाय भरवशाचा आहे. आधी नाणे खरोखर उजव्या हातात देऊन त्याचे मोबाइलवर चित्रण करावे, मग खोटे देणे चित्रित करावे, आणि दोन्ही चित्रफिती आवाज बंद करून लागोपाठ पाहाव्यात. फरक बहुधा बोटांत दिसणार नाही. तो कोपरात, खांद्यात किंवा हात पुढे जाण्याच्या गतीत सापडेल.

आरशासमोरचा सराव हा मोबाइलइतका प्रामाणिक नसतो. नेमक्या चोरट्या क्षणी डोळे मिटण्याची सवय पुष्कळांना असते, आणि ज्याचे डोळे मिटले आहेत त्याला आरशात ते दिसणार तरी कसे!

नजरेचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. नाणे डाव्या हातात राहिले आहे हे ठाऊक असल्याने डोळे तिकडे ओढले जातात, आणि जादूगार जिकडे पाहतो तिकडे प्रेक्षक पाहतो. गुस्ताव्ह कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. त्यात जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो आणि तिसऱ्या वेळी तो हातातच ठेवून नुसता उडवल्याचा अभिनय करतो. त्याची नजर वर गेली तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश प्रेक्षकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला "दिसला". नजर हातावरच राहिली तेव्हा हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले. चेंडू दोन्ही वेळा उडालेलाच नव्हता. फ्रेंच ड्रॉपमध्येही उजव्या मुठीकडे पाहण्याचे नाटक करू नये, नाणे खरोखर तिथे आहे असे मानून पाहावे. अर्ध्या मनाने पाहिलेले लगेच कळते.

राहता राहिले निमित्त. डाव्या हातात नीट धरलेले नाणे उजव्या हातात द्यायचेच कशाला? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगात नसेल, तर वरचे सगळे सुधारूनही काहीतरी खटकत राहते. सोपे उत्तर पेन आहे. नाणे उजव्या हातात "दिल्यावर" डावा हात शर्टाच्या खिशातून पेन काढायला जातो, म्हणजे तो हात रिकामा करण्याची गरज प्रेक्षकालाही पटते. पेन काढताना नाणे खिशात राहते, पेन मुठीवर टेकवले जाते, मूठ उघडते, आणि तोवर दोन्ही हात खरोखरच रिकामे झालेले असतात. झब्ब्याला वरचा खिसा नसेल किंवा अंगावर साडी असेल तर हेच काम मांडीवरची पर्स आणि तिच्यातली किल्ली करू शकते. मूठ मिटताक्षणी उघडण्याची घाई मात्र करू नये. "देणे" आणि "नाहीसे होणे" यांत एखाद्या वाक्याइतका अवकाश राहिला, तर प्रेक्षकाला मागे जाऊन जोड शोधता येत नाही.

आपली नाणी आणि आपली हवा

चित्रफिती पाहून शिकणाऱ्याला तळव्यात नाणे दडवणे जमत नाही तेव्हा तो स्वतःच्या हाताला दोष देतो. बहुतेक वेळा दोष नाण्याचा असतो. परदेशी शिकवणीत पुष्कळदा अमेरिकी अर्धा डॉलर असतो, त्याचा व्यास 30.6 मिलिमीटर आणि वजन 11 ग्रॅमच्या वर. आपल्याकडे दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे आणि सुमारे 7.7 ग्रॅमचे आहे, आणि 2019 च्या मालिकेतला रुपया तर फक्त 20 मिलिमीटरचा आहे. अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा यांच्यामध्ये नाणे चिमटीत धरण्याची पकड दहाच्या किंवा वीसच्या नाण्यावरच शिकावी. रुपयासाठी तिचा नाद सोडावा आणि मधल्या दोन बोटांच्या मुळाशी नाणे सैल ठेवण्याची पकड वापरावी.

मुंबईत हीच दुसरी पकड आणखी एका कारणाने बरी. मे महिन्यात किंवा पावसाळ्यात तळहाताला असा घाम सुटतो की तळव्यातले नाणे निसटते आणि बोटांच्या टोकांना धरलेले मात्र चिकटून बसते, म्हणजे फ्रेंच ड्रॉपमध्ये सुटायला हवे तेव्हा ते सुटत नाही. टाल्कम पावडर लावून कोरडे केलेले हात अधिकच फसवतात. प्रयोगाआधी हात पुसावेत, नाणेही पुसावे, आणि ते इतर सुट्ट्या पैशांपासून वेगळ्या खिशात ठेवावे. भलत्या वेळी झालेली खुळखूळ प्रेक्षकाला सगळे सांगून टाकते.

कुठे बसावे

इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबल आणि भिंतीवर मोठे आरसे असतात, आणि जादूगाराला दोन्ही घातक. संगमरवरावर पडलेले नाणे सगळ्या हॉटेलला ऐकू जाते, म्हणून खाली दुमडलेला रुमाल किंवा वर्तमानपत्र असावे. आरसा पाठीमागे असेल तर हाताची मागची बाजू समोरच्याला फुकटात दिसते, म्हणून बसण्याआधी मागे वळून पाहावे. काच बसवलेल्या टेबलावर हाताच्या खालच्या बाजूचे प्रतिबिंब पडते.

लोकलमध्ये, चौथ्या सीटवर कसेबसे टेकून, समोरच्या मित्रांना प्रयोग दाखवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिथे समोरच्यांपेक्षा शेजारी उभा असलेला अनोळखी प्रवासी धोक्याचा, कारण तो वरून थेट ओंजळीत पाहत असतो. खिडकीची जागा मिळाली तरच प्रयोग करावा, आणि रात्री खिडकीची काच लावलेली असेल तर तिचाही आरसा होतो हे विसरू नये. सोसायटीच्या गणपतीत अडचण उलटी असते. लहान मुलांचे डोळे टेबलाच्या उंचीला येतात, त्यामुळे मोठ्यांपासून नीट लपलेले नाणे त्यांना बोटांखालून दिसते. मुले असतील तर त्यांना खाली बसवावे आणि हात छातीऐवजी कमरेच्या उंचीवर ठेवावेत.

रबरबँड आणि रुमाल

उडत्या रबरबँडच्या प्रयोगात तर्जनी आणि मधल्या बोटाभोवतीचा रबर, मूठ मिटताना चारही बोटांची टोके त्यात अडकवल्यामुळे, मूठ उघडताच अनामिका आणि करंगळीवर उडी मारतो. तो आपसूक आधीच सुटत असेल किंवा बोटे निळी पडत असतील तर रबर लहान आहे. उडी अर्धवट राहत असेल तर तो मोठा किंवा जुना आहे. भाजीबरोबर आलेले आणि स्वयंपाकघरातल्या उकाड्यात महिनोन्‌महिने पडलेले रबर चिकट होतात आणि ताणताच तुटतात. ताणलेली बाजू स्वतःकडे आणि हाताची पाठ प्रेक्षकाकडे, एवढे पथ्य पाळले की हा प्रयोग सहसा फसत नाही.

नाणे रुमालातून आरपार काढताना नाण्यामागे कापडाची बारीक चुणी अंगठ्याने धरायची असते, आणि शेवटी रुमालाचे दोन्ही पदर एकदमच पुढे झटकायचे असतात. चुणी फार मोठी घेणे आणि रुमाल पातळ असणे या इथल्या दोन चुका. रुमाल स्वतःचा, धुतलेला आणि गडद रंगाचा असावा. दुपारी चारनंतर मुंबईत कोणाकडे रुमाल मागणे हे तसेही फारसे सभ्यपणाचे नव्हे.

बोलणे

"हे एक साधे नाणे आहे" असे म्हटले की ते साधे नसेल ही शंका प्रथमच जन्माला येते, आणि "माझा हात रिकामा आहे, बघा" हे वाक्य तर प्रेक्षकाला दुसऱ्या हाताकडे पाहायला सांगते. जे दिसते आहे ते सांगू नये. नाणे प्रेक्षकांतल्या एखाद्या काकांकडूनच मागावे, ते कोणी दिले, किती जुने आहे, त्यावर साल कोणते आहे, यावर बोलावे. साल वाचायला नाणे डोळ्यांजवळ नेणे हेही एक उत्तम निमित्त आहे. मोबाइलवरून पैसे देण्याच्या सवयीमुळे हल्ली पाच जणांत एकाकडेही नाणे निघत नाही, तेव्हा स्वतःचे एक जवळ असू द्यावे.

"परत दाखव ना!" या आग्रहाला बळी पडू नये. दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो आणि तो मूठ सोडून दुसऱ्याच हाताकडे पाहत बसतो. त्याच नाण्याचा वेगळा प्रयोग दाखवावा. आणि मधेच एखादा भाचा "मामा, त्या हातात आहे!" असे ओरडलाच, तर वाद घालू नये किंवा खोटे बोलू नये, हात उघडून दाखवावा, "बरोबर" म्हणावे आणि ते नाणे खरोखर दुसऱ्या हातात देऊन पुढचा प्रयोग तिथूनच सुरू करावा. नाणे खाली पडले तर चेहरा पाडण्याचे कारण नाही. वाकून नाणे उचलण्याइतकी संशयरहित हालचाल दुसरी नाही, आणि ते दुसऱ्या हातात जायचे राहिले असेल तर तेव्हाच नेता येते.

मागून घेतलेल्या नाण्याच्या जागी स्वतःचे ठेवण्याचा प्रयोग असेल तर दोन्ही नाण्यांचे चित्र आधी ताडून पाहावे. दहा रुपयांच्या नाण्याचे 14 नमुने चलनात असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 साली स्पष्ट केले होते, आणि ₹ हे चिन्ह नसलेले जुने नाणे देऊन चिन्ह असलेले परत मिळाले की काकांच्या ते लगेच ध्यानात येते. नोटेवर मात्र खूण करायला प्रेक्षकाला सांगू नये, कारण नोटांवर लिहू नये असे रिझर्व्ह बँकच सांगते. नाण्यावर मार्कर पेनाने केलेली खूण तेच काम करते आणि नंतर पुसताही येते.