पिवळ्या प्लेटने मला कसं फसवलं: अँटिबॉडीच्या कामात येणाऱ्यांसाठी

मी या कामाला लागलो तेव्हा एलायझाची, म्हणजे अँटिबॉडी चिकटली का हे रंगाने सांगणाऱ्या चाचणीची, प्लेट म्हणजे माझं प्रगतिपुस्तक होतं. निळ्या झालेल्या खळग्यांत आम्ल टाकलं की रंग पिवळा होतो. जितका गडद पिवळा, तितकी अँटिबॉडी विषाणूच्या प्रोटीनला जास्त चिकटली, असा माझा भाबडा हिशेब. एक क्लोन, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली अँटिबॉडी, सगळ्यांत उजळ निघाला आणि मी त्याला मनातल्या मनात पास करून टाकलं. मग न्यूट्रलायझेशनची चाचणी लावली, म्हणजे विषाणू आणि अँटिबॉडी एकत्र करून जिवंत पेशींवर सोडले. काही दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पाहतो तर पेशींच्या थराला नुसती भोकं, म्हणजे विषाणूने पेशी मारल्या होत्या. माझा पठ्ठ्या चिकटला होता खरा, पण विषाणू पेशीत शिरायला जो भाग वापरतो, त्यापासून लांब कुठेतरी.

चिकटते का, यापेक्षा कुठे चिकटते हे आधी विचारा. लहान बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणारा आरएसव्ही हा विषाणू घ्या. त्याचं एफ प्रोटीन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं आणि शिरताना उलगडून दुसराच आकार घेतं. तो आधीचा आकार कसा असतो, हे शास्त्रज्ञांना २०१३ मध्ये नीट कळलं. बाळांना आरएसव्हीपासून वाचवणारी निर्सेव्हिमॅब ही अँटिबॉडी नेमकी त्यालाच धरते. प्लेटवर चिकटवलेलं प्रोटीन कधीकधी आकार बदलून बसतं, त्यामुळे तिथला पिवळा रंग खोटीही साक्ष देतो.

दुसरा धडा जास्त महाग पडला. संसर्ग होऊच नये म्हणून द्यायचं औषध निरोगी माणसाला टोचायचं असतं. तो तासभर सलाईन लावून पडणार नाही. निर्सेव्हिमॅबचा ५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोस ५० मिलिग्रॅम, तोही अर्ध्या मिलिलिटरमध्ये. म्हणजे द्रावण चांगलंच दाट हवं. आमची एक अँटिबॉडी पातळ असताना गुणी होती. दाट केली, कुपी हलवली आणि उजेडाकडे धरली, तर आत धुकं. रेणू एकमेकांना बिलगून गोळे झाले होते. कित्येक महिन्यांचं काम त्या कुपीत गढूळ झालं. ही तपासणी तेव्हा आम्ही शेवटी ठेवायचो. आता मी ती पहिल्या काही आठवड्यांतच उरकतो.

टिकाऊपणाचा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो. साधी आयजीजी अँटिबॉडी (रक्तातला सगळ्यांत सामान्य प्रकार) रक्तात सुमारे ३ आठवड्यांत निम्मी होते. पेशी तिला गिळतात, पण आतल्या आम्लधर्मी पिशवीत एफसीआरएन नावाचा रिसेप्टर तिला पकडतो आणि पुन्हा रक्तात सोडतो. ही पकड आम्लात घट्ट आणि रक्तात सैल, असं दोन्ही हवं. निर्सेव्हिमॅबमध्ये फक्त ३ अमिनो आम्लं बदलून ती पकड सुधारली आणि अर्धायुष्य सुमारे ७० दिवसांवर गेलं. आरएसव्हीवरचीच जुनी अँटिबॉडी, १९९८ मध्ये मान्यता मिळालेली पॅलिव्हिझुमॅब, हंगामभर दर महिन्याला टोचावी लागायची. इथे एका इंजेक्शनात हंगाम निघतो.

जैविक धोक्यांच्या बाजूला वेगळंच कोडं आहे. अँथ्रॅक्स हा जिवाणूचा जीवघेणा आजार कुणाला मुद्दाम देऊन चाचणी करता येत नाही, आणि नैसर्गिक रुग्ण फार थोडे. म्हणून अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने २००२ पासून ‘ॲनिमल रूल’ ठेवला आहे: परिणाम प्राण्यांवर दाखवा, सुरक्षितता निरोगी स्वयंसेवकांवर. अँथ्रॅक्सवरची रॅक्सिबाक्युमॅब ही अँटिबॉडी २०१२ मध्ये याच वाटेने आली. ती जिवाणू मारत नाही, त्याच्या विषाला पेशीशी जुळू देत नाही. थरार शोधत या बाजूला येऊ नका. इथे मुख्यतः कागदपत्रं असतात, आणि सशात दिसलेला डोस माणसाला कसा लागू करायचा यावरचे न संपणारे वाद.

विषाणू बदलतो ते वेगळंच. कोविडसाठीच्या एव्हुशेल्ड या अँटिबॉडी-औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये तातडीची परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये, नव्या प्रकारांपुढे ते चालेना म्हणून, वापर थांबला.

शिकायचं काय, हे नवखे हमखास विचारतात. प्रोटीन शुद्ध करणं, पेशी निर्जंतुक वाढवणं आणि थोडं संख्याशास्त्र, एवढ्यावर दार उघडतं. मुलाखतीला आलात तर तुमची सर्वांत सुंदर प्लेट मला दाखवू नका. त्याच प्लेटवर निगेटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे चिकटू नये अशी, कोणती अँटिबॉडी लावली होती, ते सांगा.