मधुमेह आणि दुर्मीळ आजारांवर संशोधन करायचंय? निधीबद्दल नवोदितांसाठी थोडं

एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल आणि संशोधनाची ओढ असेल, तर सुरुवात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएसपासून, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिपपासून करा. विद्यार्थ्यांसाठीची ही योजना १९७९पासून चालू आहे. काम दोन महिन्यांचं, गाइड आपल्याच कॉलेजातला, विद्यावेतन ५०,००० रुपये. हे पैसे मात्र अहवाल मंजूर झाल्यावर हातात पडतात. म्हणून रिएजंट आणि स्ट्रिप्सचा खर्च कोण करणार हे गाइडशी आधीच बोलून घ्या. त्याहून बरं म्हणजे ज्याला फारसा खर्चच नाही असा विषय निवडा.

माझ्या एका विद्यार्थिनीने इन्सुलिन टोचण्याच्या जागी चरबीच्या गाठी किती पेशंटना झाल्यात, एवढंच पाहिलं. पोट आणि मांडी बोटांनी चाचपायची, एकच सुई किती वेळा वापरता ते विचारायचं, आणि जुने रिपोर्ट वाचायचे. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, साखर वरखाली होत राहते आणि डोस मात्र वाढत जातो. तिच्या कामामुळे आमच्या ओपीडीत सुई टोचण्याची जागा तपासायची सवय लागली. मला ते काम अजून मोलाचं वाटतं.

प्रस्ताव वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आकडा खरा आहे. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासातून तो २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. पण तपासणाऱ्याने ते वाक्य त्याच दिवशी अनेकदा वाचलेलं असतं. त्याला जाणून घ्यायचं असतं ते तुमच्या दारात काय दिसतंय. गेल्या वर्षी तुमच्या रजिस्टरमध्ये पंचविशीच्या आतले किती मधुमेही नोंदले गेले? त्यातले किती परत आले? हे लिहिता आलं की नमुनासंख्या, मुदत आणि बजेट या तिन्हींवर विश्वास बसतो.

यासाठी पुण्याचं उदाहरण मी नेहमी सांगते. केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. बारीक दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. या कामाला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने पैसे दिले. प्रश्न इथल्या गावांचा होता, आणि मधुमेहाची सुरुवात आईच्या पोटातच होते का, हे साऱ्या जगाला हवं होतं. मोठा निधी असाच मिळतो.

दुर्मीळ आजारांचं काय? इथे मधुमेहवाल्यांना एक दार आयतंच उघडं आहे. वयाच्या सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेलं बाळ बहुधा टाइप १चं नसतं, त्यामागे एखाद्या जनुकातला बदल असतो. केसीएनजे११ या जनुकातल्या बदलाने असा मधुमेह होतो हे २००४मध्ये कळलं, आणि २००६मध्ये दिसलं की अशी बरीच मुलं इन्सुलिन सोडून सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर राहू शकतात. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या प्रयोगशाळेने जगभरातल्या अशा बाळांची तपासणी वर्षानुवर्षं मोफत केली. आपल्याकडे चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनचं या विषयावर मोठं काम आहे. मधुमेहासोबत दृष्टी आणि ऐकणं कमी होत जाणारा वोल्फ्रॅम सिंड्रोमही याच टापूतला. इथे पंधरा कुटुंबांचा अभ्यासही वजनदार ठरतो, कारण निदान बदललं की काही मुलांचे उपचार बदलतात. प्रस्तावात हे ठळक लिहा, आणि दोन-तीन केंद्रं सोबत घ्या.

एक गोंधळ मात्र दूर करायला हवा. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंतची मदत आहे, असं ऐकून काही जण संशोधनासाठी अर्ज कुठे करायचा ते विचारतात. ती मदत रुग्णाच्या उपचारासाठी असते आणि ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. महाराष्ट्रात असं केंद्र मुंबईचं केईएम. संशोधनाचा पैसा मुख्यतः आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाकडे आहे. या विभागाच्या 'उम्मीद' उपक्रमातून २०१९पासून सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना अनुवंशशास्त्राचं प्रशिक्षणही मिळतं. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याने ते जरूर घ्यावं. आधी ओळखता आलं पाहिजे, मग अभ्यास.

नोकरीत स्थिरावलेल्यांसाठी आयसीएमआरचं छोटं एक्स्ट्राम्युरल (परिषदेबाहेरच्या संशोधकांसाठीचं) अनुदान आहे, तीन वर्षांसाठी दोन कोटींपर्यंत. मर्यादा दोन कोटींची आहे म्हणून तेवढे मागायचे नसतात. मी आधी बजेटचं पान उघडते. यंत्र मागितलंय आणि ते चालवणारा माणूस मागितलेला नाही, असं दिसलं की प्रस्ताव घाईत लिहिलाय हे कळतं. क्लिनिकल कामासाठी रुग्णसेवेतून वेळ मोकळा हवा असेल, तर जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप पाहा. स्पर्धा कडक आहे, पण मुलाखतीच्या तयारीनेच प्रश्न लखलखीत होतो. आरएसएसडीआय ही १९७२ची मधुमेह संशोधकांची संस्था. सभासद व्हा, तिच्याकडून संशोधन अनुदानं मिळतात.

पीएच.डी. करणाऱ्यांनी आपल्या राज्यातल्या संस्था विसरू नयेत. बार्टी, सारथी आणि महाज्योती आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. विषयाचं बंधन फारसं नसतं, त्यामुळे मधुमेहाचा विषयही चालतो. जाहिरात निघाली की जात पडताळणी आणि नोंदणीची पत्रं गोळा करण्यात दिवस जातात, म्हणून ती आधीच फाइलला लावून ठेवा.

शिक्षण आणि जनजागृतीसाठी वर्ल्ड डायबिटीस फाउंडेशन हे नाव लक्षात ठेवा. प्रयोगशाळेपेक्षा प्रत्यक्ष सेवा आणि प्रशिक्षणाच्या प्रकल्पांना ते पैसे देतं. टाइप १साठी जेडीआरएफ ही संस्था आहे, २०२४पासून तिचं नाव ब्रेकथ्रू टी१डी. परदेशी पैसा घेताना दोन परवानग्यांचा वेळ मोजून ठेवा. संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. नैतिकता समिती वेगळीच. हे सगळं मिळेपर्यंत प्रकल्पाचे पहिले महिने निघून जातात, म्हणून वेळापत्रकात ते दाखवलेलं बरं.

विषय सुचत नसेल, तर एक सुचवते. २०२५मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनाचा त्यात मोठा वाटा आहे. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीकडे काम करणाऱ्यांना असे सडपातळ, तरुण मधुमेही ओपीडीत भेटू शकतात. वजन, उंची, निदानाचं वय, लहानपणीची उपासमार आणि जमल्यास सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी तपासणी), एवढी नोंद आजपासून ठेवायला कुठल्याही अनुदानाची गरज नाही. फक्त नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, म्हणजे उद्या अर्ज भरताना ही माहिती वापरता येईल.